पट्टी तुमच्याच अंगावर आहे ना?

रोज सकाळी सहा वाजता डबी तोच प्रश्न विचारायची. "हिंदुराव चौगुले, पट्टी तुमच्याच अंगावर आहे ना?" आणि रोज सकाळी हिंदुराव हिरवं बटण दाबून खोटं बोलायचे.

खोटं बोलायला धीर लागतो तो पहिले दोन-तीन दिवस. मग ते चूळ भरण्यासारखं अंगवळणी पडतं. आखाडापासून तुळशीच्या लग्नापर्यंत हिंदुरावांनी ते बटण शंभरावर वेळा दाबलं होतं, आणि पट्टी होती बायकोच्या दंडावर, ब्लाउजच्या बाहीखाली.

त्या दिवशी मात्र बटण दाबल्यावर लगेच गोळी पडली नाही. पडद्यावर लाल रेघ आली आणि डबीतली बाई तिच्या मऊ आवाजात म्हणाली, "तुमच्या मूत्रपिंडांची ताकद शंभरापैकी एक्केचाळीस आहे. मागच्या आठवड्यात ती अठ्ठेचाळीस होती. कृपया रुग्णालयात या." मग गोळी पडली. नेहमीपेक्षा लहान.

"काय म्हटली ओ?" विजयमालानं आतून विचारलं.

"कायबी न्हाई. जीव खातीया सकाळ सकाळ."

पण विजयमालानं सगळं ऐकलं होतं. ती दारात येऊन उभी राहिली. चेहरा झोपेतून उठल्यासारखा सुजलेला, आणि डोळ्यांत भीती.

गडहिंग्लज आणि आजूबाजूच्या चाळीस गावांत मटणाचा आचारी म्हटलं की लोक हिंदुरावांचंच नाव घ्यायचे. जावळ असो, यात्रा असो, आखाड असो, तांबडा-पांढरा त्यांच्याच हातचा. आता रस्त्यावर बिनड्रायव्हरचे टेंपो पळत होते आणि शहरात रस्सा चाखणारी यंत्रंही आली होती म्हणे, पण हिंदुरावांची रीत बापापासून चालत आलेली होती. भल्यामोठ्या डेगेतला रस्सा पळीनं तळहातावर घ्यायचा, चाटायचा, डोळे मिटायचे आणि मग मीठ सांगायचं. अकरा डेगा असल्या तर अकरा वेळा, आणि प्रत्येक डेगेला तीनदा. वर कलेजीचा तुकडा शिजला का ते बघायचं, बकऱ्याच्या पोटाची वजडी बघायची. पंगतीला न बसताच त्यांचं जेवण व्हायचं.

या चाखण्यानंच त्यांचा घात केला. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी उजव्या पायाचा अंगठा टोमॅटोसारखा लाल झाला आणि पंच्याचं टोक लागलं तरी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गाऊट. गावात त्याला नुसतं "युरिक ॲसिड झालंय" म्हणतात.

यात माणसाचं दुर्दैव असं, की बहुतेक प्राण्यांच्या अंगात युरिक ॲसिड मोडून टाकणारं एक द्रव्य असतं. कुत्रं उभा जन्म मांसावर काढतं, त्याला सहसा गाऊट होत नाही. माणसाच्या पूर्वजांनी ते द्रव्य लाखो वर्षांपूर्वी कुठंतरी गमावलं. तेव्हापासून हे ॲसिड बाहेर टाकण्याचं काम मुख्यतः मूत्रपिंडांवर पडलं. ते साठलं की सांध्यात त्याचे सुईसारखे बारीक खडे होतात, आणि शरीर त्या खड्यांवर शत्रू आल्यासारखं तुटून पडतं. तोच तो झटका.

त्यावर औषधं जुनीच होती, दोन तऱ्हेची. एक रोजची, ॲसिड कमी करणारी. ती हळूहळू वाढवायची आणि बरं वाटलं म्हणून मनानं सोडायची नाही. दुसरी झटक्याची, कोल्चिसिन. ही गुणाची, पण खोडीची. औषध होण्याइतकी मात्रा आणि विष होण्याइतकी मात्रा यांत अंतर फार थोडं. मूत्रपिंडं दमलेली असली तर ती अंगात साठत जाते आणि माणूस दगावू शकतो. एकाला चालणारी मात्रा दुसऱ्याला चालेलच असं नाही, आणि हे अंदाजानं ठरवण्यात आजवर बरेच अंदाज चुकले होते.

म्हणून ही डबी आली. दंडावर एक पट्टी लावायची. तिला केसाहून बारीक सुया, दुखत नाहीत. ती घटकेघटकेला अंगातलं युरिक ॲसिड मोजणार, मूत्रपिंडं किती काम करतात ते मोजणार आणि डबी कितीही लांब असली तरी तिला कळवणार. डबी डॉक्टरांनी घालून दिलेल्या हद्दीत त्या दिवशीची मात्रा ठरवून तेवढीच गोळी बाहेर टाकणार. पट्टी पहिले सात दिवस माणसाच्या नाडीची चाल शिकून घ्यायची. पुढं ती दुसऱ्या कुणाच्या अंगावर लावली, की डबी बंद.

घोटाळा झाला तो त्या सात दिवसांतच. डबी घरात आली आखाडाच्या पहिल्या आठवड्यात. आणून बसवली खुद्द त्यांच्या लेकीनं, प्रणोतीनं. ती ग्रामीण रुग्णालयात याच योजनेवर सेविका होती. "आबा, पट्टी आत्ता माझ्यासमोर लावा," ती म्हणाली. हिंदुराव म्हणाले, "आंगूळ करून लावतो की. बापावर इस्वास न्हाई व्हय?" तिचा फोन वाजत होता, पुढं अजून चार घरं होती. तिनं हसून कागदावर सही केली: पट्टी माझ्यासमक्ष लावली.

त्या आठवड्यात हिंदुरावांकडं सात जेवणांची कामं होती. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला पोरानं मार्कं लपवावीत तशी बुद्धी झाली. आखाडातल्या आठवड्याचे आकडे रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी बघितले तर आपलं चाखणं बंद करतील, मग आचारी म्हणून उरलो कशाला? ते बायकोला म्हणाले, "येक आठवडा तू लाव. आखाड सपला की मी लावतो." विजयमालानं कधी त्यांचा शब्द मोडला नव्हता. तिनं लावली.

आणि पट्टीनं तिची नाडी शिकून घेतली. आठव्या दिवशी हिंदुरावांनी पट्टी स्वतःच्या दंडावर लावली तर डबी म्हणाली, "ही व्यक्ती हिंदुराव चौगुले नाही." आपल्याच घरात आपण आपण नाही हे ऐकून त्यांना आधी हसू आलं, मग घाम फुटला. खरं सांगावं तर लेकीची सही खोटी पडत होती. त्यांनी पट्टी परत बायकोच्या दंडावर लावली. आठवड्याला पट्टी नवी यायची, दंड तोच राहायचा.

*

एक्केचाळीसचा आकडा आल्यावर दुपारी प्रणोती धापा टाकत घरी आली. तिच्या फोनवर निरोप गेला होता.

"आबा, उठा. रक्त तपासायचंय, आजच्या आज."

"अगं, मला काय झालंय? बघ की, उभा हाय तुज्यापुढं."

"किडनी खराब झालेली माणसाला कळत नाही, आबा. दुखत नाही, खुपत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. चार महिन्यांत ब्याऐंशीवरून एक्केचाळीसवर आलाय तुम्ही." तिनं त्यांचं मनगट धरून नाडी बघितली. "लघवीला होतंय ना नीट? अंगावर सूज? उलटी?"

"न्हाई, न्हाई, न्हाई. रैवारी नेसरीला जावळ हाय. तेवढं हू दे, सोमवारी येतो."

प्रणोतीनं आईकडं बघितलं. "आई, तू तरी सांग."

विजयमाला खाली बघत बांगड्या मागंपुढं करत होती. खरं तर त्या मागंपुढं होत नव्हत्या, मनगटात रुतल्या होत्या. "सांगतो की," ती म्हणाली. त्या भागातल्या बायकांच्या बोलण्याप्रमाणं ती स्वतःबद्दल जातो-येतो असंच बोलायची. "आइकत्याल ते. तू जा आता, तुला ड्यूटी हाय."

लेक गेली. हिंदुराव पडवीत जाऊन बसले. भीती त्यांनाही वाटत होती, पण कसली? रक्ताच्या तपासणीची. सुई टोचली की लबाडी उघडी पडणार, आणि प्रणोतीला त्या सहीचा जाब द्यावा लागणार. आकड्याची भीती त्यांना नव्हतीच. त्यांचा हिशेब सरळ होता: पट्टी बायकोच्या अंगावर, वय-वजन आपलं, गोळ्या आपल्या पोटात, म्हणजे यंत्र गोंधळणारच. आपणच खोटं सांगितलंय, तर आकडा खरा कुठून येणार? माणसाला स्वतःच्या लबाडीवर किती विश्वास असतो, बघा.

विजयमालाचा हिशेब वेगळा होता. डबीवर नाव नवऱ्याचं, गोळ्या नवऱ्याच्या, तेव्हा दुखणंही नवऱ्याचंच. पट्टी आपल्या दंडावर आहे ती नुसती ओळखीपुरती, असं तिनं धरून ठेवलं होतं. आकडा पहिल्यांदा साठाखाली आला त्या दिवशी तिनं जोतिबाला हात जोडले आणि रविवार धरले. साधे नाहीत, निर्जळी. शनिवारी जेवल्यावर पाण्याचा घोट घ्यायचा तो थेट सोमवारी सकाळी. हिंदुरावांना तिनं सांगितलं, उपास धरलाय. कशासाठी ते सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. बायका उपास धरतातच.

*

रविवारी नेसरीच्या जावळाला नऊ डेगा चढल्या. विजयमाला दरवेळी मसाल्याला बरोबर असायची. त्या दिवशी मात्र पहाटेपासून तिला मळमळत होतं. "तोंडाला चवच न्हाई. लोखंड चाटल्यागत लागतंय," ती म्हणाली होती. हिंदुराव म्हणाले, "उपास करतीस, पित्त झालं आसंल. पडून ऱ्हा." आणि तिघा माणसांना घेऊन ते निघाले होते.

साडेअकराला पाचव्या डेगेचा रस्सा तळहातावर घेतला आणि त्यांचा उजवा अंगठा ठणकला. सातव्या डेगेपर्यंत त्यांना पाय टेकवेना. एका पायावर उभं राहून त्यांनी मीठ सांगितलं. नवव्या डेगेला ते चुलीशेजारी खालीच बसले आणि दातांवर दात दाबून पिशवीतली डबी काढली.

"झटका आलाय," ते डबीला म्हणाले. "गोळी दे."

डबीनं नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी हिरवं बटण दाबलं.

"तुमच्या मूत्रपिंडांची ताकद अठ्ठावीस आहे," डबी म्हणाली. "या स्थितीत झटक्याची गोळी देणं सुरक्षित नाही. तुम्ही एकटे असाल तर कुणाला तरी बोलवा. रुग्णालयाला निरोप दिला आहे."

"आगं, मला काय झालं न्हाई. दे म्हनतोय न्हवं?"

"तुमच्या मूत्रपिंडांची ताकद अठ्ठावीस आहे," डबी त्याच मायेनं म्हणाली.

आजूबाजूला माणसं जमली. आचारी डबीशी भांडतोय हे बघून दोघं हसलेही. हिंदुरावांनी डबी फरशीवर आपटली, पण तिला काही झालं नाही. आत तीस गोळ्या खुळखुळल्या, आणि त्यांतली एकही त्यांची नव्हती.

शेवटी दोघांनी धरून त्यांना टेंपोत बसवलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते आईचं नाव घेत होते. फोन चार वेळा वाजला. प्रणोतीचा होता. त्यांनी उचलला नाही.

*

तीन वाजता ते घराच्या दारात उतरले. विजयमाला भिंतीला टेकून बसली होती. त्यांचा पाय बघून ती उठायला गेली आणि परत खाली बसली.

"ऱ्हा, ऱ्हा, उटू नगं," ते सरपटत खाटेवर चढले. "जुन्या गोळ्या कुटं हाईत? त्या दे."

या जुन्या गोळ्या म्हणजे डबी यायच्या आधीच्या. तेव्हा झटका आला की कडक दुखीची गोळी घ्यायची, असं कुठल्याशा डॉक्टरनं लिहून दिलं होतं आणि हिंदुरावांनी ती पाकिटंच्या पाकिटं भरून ठेवली होती. डबी बसवताना प्रणोतीनं बजावलं होतं, घरातली सगळी जुनी औषधं परत द्या. विजयमालानं दोन पाकिटं तिच्या हातात ठेवली आणि अकरा शंकरपाळ्यांच्या डब्यात झाकून ठेवली. चांगली औषधं, इतक्या कौतुकानं आणलेली, टाकून कशी द्यायची?

"आइकू येत न्हाई व्हय? शंकरपाळ्याचा डबा दे."

विजयमालानं पदर गुडघ्यांवर ओढून घेतला.

"आगं दे की."

"सपल्या," ती म्हणाली.

"सपल्या म्हंजे? अकरा पाकिटं हुती. मी एक बी खाल्ली न्हाई."

"मी खाल्लो." तिनं मान वर केली नाही. "गुडघं धरत हुते ओ. उकिडवं बसून मसाला वाटाय येत नव्हता. तुमची गोळी खाल्ली की दिसभर दुखायचं न्हाई. रोज येकच खात हुतो. ज्यादा कवाच न्हाई."

हिंदुराव तिच्याकडं बघत राहिले. अंगठ्याचा ठणका चालूच होता, पण आता तो लांबून कुठूनतरी येत होता. त्यांनी तिचा चेहरा बघितला, डोळ्यांखालच्या फुगलेल्या पिशव्या बघितल्या. मनगटात रुतलेल्या बांगड्या बघितल्या. पातळाखाली तिची पावलं दिसत होती, घोट्याचं हाड दिसत नव्हतं. चार महिने हे माणूस समोर वावरत होतं आणि त्यांना वाटलं होतं, बायको अंगानं भरलीय.

अठ्ठावीस.

खोटं आपण बोललो होतो, पट्टी नव्हे. पट्टी बिचारी ज्याच्या अंगावर होती त्याचंच रोज इमानानं सांगत होती. ब्याऐंशी, सत्तर, अठ्ठावन्न, एक्केचाळीस. ती रोज सहाला ओरडून सांगत होती आणि आपण रोज हिरवं बटण दाबून तिचं तोंड बंद करत होतो.



"पानी पी," ते म्हणाले. "आदी पानी पी."

"निर्जळी हाय आज."

"कशापाय धरलीयास निर्जळी?"

"तुमच्या किडनीपाय. जोतिबाला बोललो हुतो, आकडा वर चढंपतोर रैवारी पान्याचा थेंब घेणार न्हाई म्हणून."

हिंदुराव खाटेवरून खाली आले. पाय टेकला तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी ते सरपटत मडक्यापाशी गेले, तांब्या भरला आणि तिच्यापुढं धरला. घाईत निम्मं पाणी तिच्या पातळावर सांडलं.

"माजी किडनी ठणठणीत हाय, आगं. तो आकडा तुजा हाय. पट्टी तुज्या दंडावर हाय, आकडा बी तुजाच हाय."

तिला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती आधी हसली, खुळ्यासारखं काहीतरी ऐकल्यागत. मग तिनं दंडावर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली.

हिंदुरावांनी डबी पुढ्यात ओढली आणि मोठ्यानं म्हणाले, "इचार."

डबीनं विचारलं, "हिंदुराव चौगुले, पट्टी तुमच्याच अंगावर आहे ना?"

लाल बटण त्यांनी आजवर दाबलं नव्हतं. ते जरा घट्ट होतं, दोनदा दाबावं लागलं.

"पट्टी कोणाच्या अंगावर आहे?"

"माज्या बायकूच्या," ते म्हणाले. "विजयमाला हिंदुराव चौगुले. पैल्या दिसापास्नं तिच्याच अंगावर हाय. लेकीला ठावं न्हाई, तिची काय बी चूक न्हाई. लौकर या."

डबी म्हणाली, "रुग्णवाहिका निघाली आहे. त्यांना एकटं सोडू नका." फोन पाचव्यांदा वाजायला लागला आणि या वेळी हिंदुरावांनी तो उचलला.

*

डॉक्टर शिरगुप्पी बाई बोलायला मऊ नव्हत्या. त्यांनी दोघांचं रक्त तपासलं आणि हिंदुरावांना चाकाच्या खुर्चीत समोर बसवलं.

"तुमची मूत्रपिंडं चांगली आहेत. युरिक ॲसिड अकरा आहे, म्हणजे औषध पुरेसं मिळालेलंच नाही. डबी चार महिने तुमच्या बायकोच्या मापानं तुम्हाला गोळ्या देत होती. ते आपण निस्तरू." त्यांनी कागद उलटला. "बायकोचं बघा. ती दुखीची गोळी तुमच्यासारख्याला झटक्यात चार-पाच दिवसच द्यायची असते. यांनी ती रोज घेतली, एकशेदहा दिवस. त्यावर यांची नेहमीची बीपीची गोळी, लघवी करवणारी. त्यावर चुलीच्या धगीत घाम. आणि त्यावर निर्जळी. एकेकट्या गोष्टीनं एवढं झालं नसतं. सगळ्यांनी मिळून मूत्रपिंडं घायकुतीला आणलीत."

"ती वाचंल न्हवं, बाई?"

"वाचतील. पण मूत्रपिंडं कितपत परत येतील ते मी आज सांगू शकत नाही. पंधराच्या खाली गेली तर मशीनवर घ्यावं लागेल, आठवड्यातून तीनदा."

हिंदुरावांनी मान खाली घातली. मग त्यांना काहीतरी धरायला सापडलं. "पट्टी तिला लावली हुती म्हणून कळलं तरी," ते पुटपुटले.

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते माझ्याही मनात आलं. पण आकडा पहिल्यांदा सत्तरवर आला त्या दिवशी तुम्ही लाल बटण दाबलं असतं, तर तो सत्तरवरच थांबला असता. तुम्ही त्यानंतर किती वेळा हिरवं दाबलंत, मोजा."

त्यांनी मोजलं नाही. मोजायची हिंमत नव्हती.

खोलीबाहेर प्रणोती उभी होती. तिनं स्वतःच्या हातानं अहवाल लिहून दिला होता: पट्टी माझ्यासमक्ष लावली नव्हती, सही चुकीची आहे. चौकशी होईपर्यंत तिला योजनेवरून काढून औषधांच्या गोदामात बसवलं. बापाकडं तिनं एकदा बघितलं. तिच्या हातात आईच्या बांगड्यांचे तुकडे होते. दवाखान्यात त्या कापाव्या लागल्या होत्या.

*

पौषात विजयमाला घरी आली, आणि फडताळात दोन डब्या झाल्या. एक हिंदुरावांची, नव्यानं शिकलेली. या वेळी प्रणोतीच्या जागी आलेली सेविका सातही दिवस सकाळी येऊन, पट्टी कुणाच्या दंडावर आहे ते बघून गेली. दुसरी डबी विजयमालाच्या नावाची. तीत दुखीची एकही गोळी नव्हती. हिंदुरावांनी चाखणं सोडलं नाही, पण तीनदा चाखायचं ते एकदाच केलं, आणि कलेजी शिजली का हे दुसरा माणूस सांगायला लागला. मीठ एक-दोनदा चुकलं. लोक बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

त्यांचा अंगठा आता दुखत नव्हता. रात्रीची झोप मात्र मोडली ती मोडलीच. पहाटे चारलाच जाग यायची आणि ते सहा वाजायची वाट बघत पडून राहायचे. त्यांच्या डबीचं काय ते बरंच असायचं. धास्ती असायची ती दुसरी काय सांगेल याची. तीस. एकोणतीस. तीस. अठ्ठावीस. औषधानं आकडा वर चढेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, घसरूही शकतो असंही म्हणाल्या होत्या, आणि पंधरापर्यंत किती पायऱ्या उरल्या हे ते रोज मनात मोजायचे.

त्या सकाळी विजयमाला परातीत भाकरीचं पीठ मळत होती. सहा वाजले.

"हिंदुराव चौगुले, पट्टी तुमच्याच अंगावर आहे ना?"

त्यांनी बाही वर करून पट्टी बघितली, बोट लावून बघितली, आणि मग हिरवं बटण दाबलं. गोळी पडली.

"विजयमाला चौगुले, पट्टी तुमच्याच अंगावर आहे ना?"

"दाबा की तुमीच," ती परातीवरून म्हणाली. "हाताला पीठ हाय माज्या. आन् माज्याच दंडावर हाय, दिसतीया न्हवं?"

दिसत होती. तरी हिंदुरावांचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. त्यांनी डबी उचलली, तिच्यापाशी नेऊन खाली ठेवली आणि पंच्यानं तिचं एक बोट पुसायला लागले. नखापासून, नीट, पिठाचा कण राहू न देता.

"काय ह्यो येडेपना," ती म्हणाली, पण हात काढून घेतला नाही.

तिनं स्वतः बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला. तिला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

"किती आला?"

काल सत्तावीस होता. कालचाच म्हणावा, तिला भाकरी तरी नीट खाऊ द्यावी, असं त्यांच्या अगदी ओठांपर्यंत आलं.

"पंचवीस," ते म्हणाले.

तिनं पीठ मळायचं थांबवलं. हिंदुरावांनी तांब्या भरून आणला आणि ती पाणी पिऊन होईपर्यंत तिच्यासमोर बसून राहिले.